‘जोंधळ्याची रास’च्या दोन प्रिंट

“हीच प्रिंट वापरायची. दुसरी कुणी आणून दाखवली तर बघायचीसुद्धा नाही,” अजितराव इंगवले म्हणाले आणि पत्र्याचे गोल डबे त्यांनी एकेक करून माझ्या टेबलावर मांडले. ड्रायव्हर दारात उभा होता, पण त्याला त्यांनी डब्यांना हात लावू दिला नव्हता.

“दुसरी प्रिंट आहे का कुठे?” मी विचारलं.

“नाही.”

“मग बघायचा प्रश्नच येत नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पन्नाशीचा, पांढरा सफारी घातलेला, उंचापुरा माणूस. कोल्हापुरात त्यांची फौंड्री होती. त्यांचे वडील दत्ताजीराव इंगवले यांनी त्रेपन्न साली ‘जोंधळ्याची रास’ नावाचा एकच सिनेमा काढला आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत. सिनेमाची निगेटिव्ह मुंबईच्या एका लॅबोरेटरीत पाणी शिरून कधीच वाया गेली होती. वडिलांच्या पंच्याहत्तराव्या जयंतीला सिनेमा नव्याने तयार करून कोल्हापुरात दाखवायचा, खर्च सगळा आपण करायचा, असं अजितरावांनी आमच्या संस्थेला कळवलं होतं. एकोणीसशे त्र्याण्णव साल होतं ते. जुने सिनेमे तपासून, दुरुस्त करून त्यांची नवी निगेटिव्ह बनवणारी आमची पुण्यातली संस्था छोटी होती आणि असा दाता काही रोज मिळत नव्हता.

“मी आपलं सांगून ठेवलं,” अजितराव उठत म्हणाले. “लोक काहीही घेऊन येतात.”

ते गेल्यावर मी आमच्या प्रमुखांना, कारखानीस सरांना म्हणाले, “सर, नसलेल्या प्रिंटबद्दल हा माणूस इतकं का बोलला?”

“वृंदा, आपल्याला सिनेमा दुरुस्त करायचाय. माणसं नाही,” सर म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबालाल नदाफ आला. जतहून एस.टी.नं आला होता. सोबत दोन गोणपाटं, त्यात गंजलेले डबे. टोपी काढून हातात घेत तो म्हणाला, “पेपरात वाचलं मॅडम, तुम्ही इंगवल्यांचा शिनेमा नवा करायलाय म्हणून. आमच्याकडं हाय की त्याची परिंट. वडलांचा तंबू होता. जत्रंला दाखवायचो आम्ही.”

मी एका डब्याचं झाकण उघडून पाहिलं. “अजितराव इंगवल्यांना हे माहीत आहे?”

“तसं त्यांचा माणूस आलता मागं एकदा. इकून टाक म्हनला. मागशील ते देतो म्हनला.” बाबालाल हसला. “इतकं मोल देतोय म्हंजे कायतरी असंल यात, म्हनून मी न्हाई दिली.”

मी डबे ठेवून घेतले. बाबालालला पोच दिली आणि कारखानीस सरांना काही बोलले नाही.

दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवून तपासणं हे माझं रोजचं काम. काचेखाली दिवा असलेलं लांब टेबल, दोन्ही बाजूंना रिळं फिरवायचे हातरहाट, डोळ्याला भिंग आणि हातात सुती मोजे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं बनलेलं असतं. आम्ही त्याला ग्रेन म्हणतो. मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटमध्ये ग्रेन बारीक असतो आणि चित्राच्या कडा धारदार दिसतात. चित्रावरून चित्र काढत गेलं, किंवा छोटं चित्र ताणून मोठं केलं, की कण जाड होतात, कडा विरतात, काळं अगदीच काळं आणि पांढरं पांढरंफटक होतं. भिंगातून बघायची सवय झाली की हे लपत नाही.

अजितरावांची प्रिंट फारशी चालवलेली नव्हती. एक ओरखडा नाही. नदाफची प्रिंट तंबूतल्या मशीनमधून शेकडो वेळा गेलेली. वरपासून खालपर्यंत रेघा, जागोजागी तुटून जोडलेली, एक रीळ तर गायबच. पहिले दोन दिवस मला वाटलं, अजितराव खरं बोलले होते. नदाफच्या प्रिंटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

मग खळ्यावरचा प्रसंग आला. नायिका सूप घेऊन जोंधळा वारवतेय, वाऱ्यावर भुसा उडतोय. अजितरावांच्या स्वच्छ प्रिंटमध्ये या प्रसंगातली काही दृश्यं एकदम धुरकट झाली. आधीचं दृश्य इतकं रेखीव, की नायिकेच्या बांगडीवरची नक्षी मोजावी. पुढच्याच दृश्यात तिच्या गालावर वाळू सांडल्यासारखे कण. मग पुन्हा रेखीव. मला वाटलं, कॅमेऱ्याचा फोकस हलला असेल, किंवा ढग आले असतील आणि वेगळी फिल्म भरली असेल. त्या काळी असं व्हायचं.

मी नदाफच्या प्रिंटमधलं तेच दृश्य शोधून भिंगाखाली घेतलं. रेघांच्या मागे चित्र लख्ख होतं. उडणारा भुसा काडीकाडीनं वेगळा दिसत होता. आणि चौकटीच्या डाव्या कडेला एक बाई उभी होती.

मी पुन्हा अजितरावांची प्रिंट पाहिली. तिथे ती बाई नव्हती. नायिका मात्र मोठी दिसत होती, आणि तिची पावलं चौकटीखाली कापली गेली होती. कुणीतरी हे दृश्य मुद्दाम मोठं केलं होतं. इतकं मोठं, की कडेची बाई चौकटीबाहेर जावी.

विहिरीवरच्या प्रसंगात तेच. लग्नघरातल्या प्रसंगात तेच. जिथे जिथे अजितरावांच्या प्रिंटमध्ये चित्र धुरकट होतं, तिथे तिथे नदाफच्या प्रिंटमध्ये तीच बाई होती. उंच, सावळी, मोठ्या कपाळाची. नायिकेच्या मैत्रिणीचं काम. बोलणं फारसं नव्हतं, पण ती चौकटीत आली की नायिकेकडे लक्ष जात नव्हतं. मी शेवटी नावांची पाटी काढली. नदाफच्या प्रिंटमध्ये नायिकेच्या नावाखाली ‘तारा जेऊरकर’ असं होतं. अजितरावांच्या प्रिंटमध्ये ती ओळ नव्हती. बाकीची नावं वर सरकवून नवीन पाटी रंगवली होती.

मी जतच्या टपाल कचेरीशेजारच्या दुकानात फोन लावून बाबालालला बोलावून घेतलं.

“तारा जेऊरकर कोण?” मी विचारलं.

तो म्हणाला, “तुमी बघितलीसा व्हय तिला? मॅडम, वडील सांगायचे, पब्लिक तिच्यासाठीच यायचं. नाचणाऱ्यांतली हुती म्हणत्यात. शिनेमा लागला, आन् पुढच्या सालात बाई गायब. कुठं गेली, कुणाला पत्ता न्हाई. मग इंगवले सोता आले आमच्या तंबूवर, परिंट परत द्या म्हणून. समद्यांच्या परिंटा गोळा करत हिंडत हुते. वडील म्हनले, जळाली. आन् पेंढ्यात लपवली.”

“का लपवली?”

“वडलांना संशय आला की. माणूस आपलाच शिनेमा जाळायला का हिंडंल? काय काय म्हणायचे लोक. कुणी म्हणायचं, बाईला इंगवल्यानं…” तो थांबला. “जाऊ द्या. फोनवर नगं.”

त्याच दिवशी अजितरावांचा फोन आला. “काम कुठवर आलं?” असं विचारून, मी उत्तर देईपर्यंत त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, “नदाफ नावाचा कुणी आला होता का तुमच्याकडे?”

“का?”

“आला होता का, एवढंच विचारतोय.”

मी हो म्हटलं. ते म्हणाले, “त्या डब्यांना हात लावू नका. मी माणूस पाठवतो न्यायला.”

“ते डबे त्यांचे आहेत, अजितराव. मी त्यांनाच परत देणार.”

“बाई, तुम्हाला यातलं काही माहीत नाही,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त खुपलं. त्यांनी फोन ठेवला.

मग मात्र मी सगळं कारखानीस सरांपुढे ठेवलं. एकाच दृश्याच्या दोन दोन चौकटींवरून मी कागदावर मोठे फोटो काढले होते. ते त्यांच्या टेबलावर जोड्यांनी मांडले. डावीकडे धुरकट, उजवीकडे लख्ख. सरांनी बराच वेळ भिंग फिरवलं.

“काय वाटतं तुला?” त्यांनी विचारलं.

“एक बाई होती. ती नाहीशी झाली. नाहीशी झाल्यावर निर्मात्यानं तिला सिनेमातूनही नाहीसं केलं आणि पुरावा गोळा करत फिरला. आता मुलगा उरलेला पुरावा विकत घेतोय. आणि नवी निगेटिव्ह आपल्या हातून बनवून घेतोय, म्हणजे पुढे कुणी विचारायलाच नको.”

“पुरावा कशाचा?”

“ते विचारायला मी कोल्हापूरला जाते.”

सरांनी चष्मा पुसला. “मी जा म्हणत नाही आणि जाऊ नको असंही म्हणत नाही. मूळ चित्र कुठलं, हे मात्र तुझ्या या फोटोंनी ठरलंय. जाशील तिथून फोन कर.”

फौंड्रीच्या आवारात लोखंडाच्या किसाचा आणि जळक्या वाळूचा वास होता. अजितरावांनी मला ऑफिसात बसवलं, चहा सांगितला. मी फोटो त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पहिली जोडी पाहिली आणि उठून दार आतून लावून घेतलं. खरं सांगते, त्या क्षणी मी खिडकी कुठे आहे ते बघून ठेवलं.

“हे आणखी कुणी पाहिलंय?”

“माझ्या साहेबांनी.”

“नदाफनं?”

“त्याच्याकडे तर प्रिंटच आहे.”

“त्याला बाई कोण ते माहीत नाही.” त्यांनी उजवीकडचा लख्ख फोटो उचलला आणि दुसरीकडे तोंड करून बघत राहिले. “आबांनी हे असं घेतलं होतं तर,” ते वडिलांबद्दल स्वतःशीच म्हणाले. “मी कधी बघितलंच नव्हतं.”

“तारा जेऊरकरांचं काय झालं, अजितराव?”

त्यांनी टेबलावरचा फोन ओढून एक नंबर फिरवला, माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात चार शब्द बोलले. मला फक्त “उद्या येतो” एवढं ऐकू आलं.

“उद्या सकाळी माझ्या गाडीतून चला,” ते म्हणाले. “फोटो बरोबर घ्या. कुणाला सांगू नका.”

“कुठे जायचं?”

“गाडीत सांगतो.”

लॉजवर जाताना मी एस.टी.डी. बूथमधून सरांना गाडीचा नंबर सांगितला. ते म्हणाले, “नको जाऊस.” मी म्हटलं, “नाही गेले तर जन्मभर विचार करत बसेन.”

सकाळी गाडी निपाणीच्या रस्त्याला लागली. अजितराव स्वतः चालवत होते, ड्रायव्हर नव्हता. मी मागे बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कागल मागे गेलं तरी ते बोलेनात.

“आता तरी सांगा,” मी म्हणाले.

“गडहिंग्लजला. तिथे गेल्यावर मी जे बोलेन त्याला तुम्ही मान हलवायची. पुण्याहून आलाय, माझ्या पुतणीच्या, सुमीच्या, मैत्रीण आहात. सिनेमाचा शब्द काढायचा नाही, जोवर मी काढत नाही.”

“मी खोटं का बोलायचं?”

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी लहानपणापासून बोलतोय. तुम्ही एक दिवस बोला.”

गावाच्या नव्या वस्तीत एक कौलारू, माडीचं घर होतं. फाटकावर ‘ॲड. रा. गो. सरंजामे’ अशी जुनी पाटी. दार पस्तिशीच्या एका बाईंनी उघडलं. त्या या घरच्या सून, शैलाताई. हायस्कुलात शिकवत होत्या. “या दादा,” त्या अजितरावांना म्हणाल्या, मग माझ्याकडे आणि माझ्या पिशवीकडे बघून हसल्या. “माई कालपासून वाट बघतायत. रात्री झोपल्या नाहीत नीट.”

आत आरामखुर्चीत एक म्हातारी बसली होती. अंगावर फिकट नऊवारी, कपाळ मोकळं, केस पांढरेशुभ्र. अजितराव वाकून पाया पडले. “आत्या, ही वृंदा. सुमीची मैत्रीण.”

मी बघतच राहिले. वय झालं होतं, गाल बसले होते, पण ते मोठं कपाळ मी आठवडाभर भिंगाखाली बघत होते. ज्या बाईचं काय झालं म्हणून मी रात्री जागत होते, ती समोर बसून मला विचारत होती, “प्रवासाचा त्रास नाही ना झाला?”

शैलाताईंनी पोहे आणले. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी, शाळा, नातवाची परीक्षा. मग माई म्हणाल्या, “शैला, अजितला ती माडीवरची लिंबं दे पिशवीत भरून. बघून घे, नासकी काढ.” शैलाताईंनी एकदा तिघांकडे पाहिलं आणि जिना चढून गेल्या.

“आत्या,” अजितराव म्हणाले, “आबांनी सगळ्या प्रिंट गोळा केल्या होत्या. एक राहिली. ह्यांना सापडली. मी लपवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.”

माईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी फोटो दिले.

त्यांनी चष्मा लावला. खळ्यावरचा फोटो खूप वेळ पाहिला. “बावीस वर्षांची असेन,” त्या म्हणाल्या. “हे लुगडं माझं नव्हतं. अजितच्या आईचं.”

“तुम्हाला कुणी काढून टाकलं सिनेमातून?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“कुणी नाही. मीच सांगितलं काढायला.”

अजितराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“माझी आई फडात नाचायची,” माई म्हणाल्या. “मीही नाचले असते. दत्ताजीरावांनी मला सिनेमात घेतलं, घरी ठेवलं, बहीण मानलं. सिनेमा लागला, आणि तो बघायला हे आले. वकील. चार वेळा बघितला म्हणे. मग मागणी घातली. ह्यांना सगळं माहीत होतं, ह्यांची हरकत नव्हती. पण घरात सासूबाई होत्या. त्यांना सांगितलं, मुलगी इंगवल्यांची लांबची बहीण, आईबाप नसलेली. लग्न ठरलं आणि मला रात्रंदिवस एकच भीती. उद्या हा सिनेमा गडहिंग्लजला लागेल. सासूबाई बघतील.”

“मग?”

“मी दत्ताजीरावांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, दादा, माझे शॉट कापून टाका. ते म्हणाले, तुझे शॉट कापले तर सिनेमाच उरत नाही. मग मुंबईला जाऊन बसले. एकेक दृश्य यंत्रावर मोठं करून मला बाहेर काढलं आणि ते तुकडे निगेटिव्हमध्ये जोडले. जुन्या प्रिंट गोळा करून जाळल्या. लोक काय काय बोलले त्यांना. बाईचं काय केलंस म्हणून तोंडावर विचारलं लोकांनी. ते कुणाला काही बोलले नाहीत.”

“मरताना माझ्याकडून शब्द घेतला,” अजितराव तिकडूनच म्हणाले. “आत्याच्या घरापर्यंत काही जाता कामा नये.”

मी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. त्यांच्याकडे बघवेना.

“तुमची इच्छा नसेल तर ही प्रिंट आम्ही वापरणार नाही,” मी म्हणाले. “धुरकट दृश्यांसकट सिनेमा तसाच राहील.”

माईंनी दोन्ही फोटो शेजारी धरले. धुरकट आणि लख्ख. “सिनेमा आलाच गडहिंग्लजला शेवटी,” त्या म्हणाल्या. “मी गेले सासूबाईंबरोबर. खळ्यावरचं दृश्य आलं. सासूबाई म्हणाल्या, इथं मशीन बिघडलंय का गं, नीट दिसत नाही. मी म्हटलं, हो, बिघडलं असेल.” त्यांनी धुरकट फोटोवरून बोट फिरवलं. “हे दृश्य घ्यायला दत्ताजीराव वारा सुटायची वाट बघत दिवसभर उन्हात उभे होते. भुसा काडीकाडीनं दिसायला पाहिजे म्हणायचे. त्यांना एकच सिनेमा काढता आला, आणि त्यातली त्यांची सगळ्यात चांगली चित्रं त्यांनी माझ्यासाठी खराब केली. पुन्हा सिनेमा काढला नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही का काढला नाही म्हणून.”

माडीवर पावलं वाजली. माईंनी फोटो माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “स्वच्छ चित्रं घाला. सासूबाई गेल्या, हेही गेले. त्या पोरीला आता कोण ओळखणार आहे?”

“आत्या, नाव?” अजितरावांनी विचारलं.

“नाव नको,” त्या लगेच म्हणाल्या. “शैलाच्या माहेरी, गावात, सगळीकडे मी इंगवल्यांची मुलगी आहे. ते तसंच राहू दे.”

शैलाताई लिंबांची पिशवी घेऊन खाली आल्या. “कसले फोटो?” त्यांनी विचारलं.

“सुमीच्या लग्नाचे,” अजितराव म्हणाले. मी मान हलवली.

पुण्याला परत आल्यावर माझा सरांशी वाद झाला. सर म्हणाले, मूळ पाटीवर जे नाव आहे ते गाळायचा अधिकार आपल्याला नाही. मी म्हटलं, नाव जिचं आहे तिला आहे. शेवटी त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. बाबालालच्या प्रिंटमधली लख्ख दृश्यं आम्ही अजितरावांच्या प्रिंटमध्ये घेतली. रेघा जाईनात, त्या राहिल्या. गंमत अशी, की आता धुरकट दृश्यांच्या जागी ओरखडे असलेली दृश्यं आली होती आणि बघणाऱ्याला तिथे काहीतरी वेगळं आहे हे कळत होतंच. पाटी मात्र अजितरावांच्या प्रिंटमधलीच ठेवली. बाबालालला मी एवढंच सांगितलं, की बाई सुखरूप होती, लग्न करून गेली. “खरं?” त्यानं विचारलं. “मग वडील उगाच घाबरले म्हणायचं.” पण त्याचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही.

कोल्हापुरात रविवारी सकाळच्या खेळाला सिनेमा दाखवला. थिएटर भरलं होतं. इंगवल्यांची सगळी मंडळी पुढे, आणि मधल्या रांगेत माई, शैलाताई, त्यांचे यजमान आणि नातू. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत बसले.

खळ्यावरचा प्रसंग आला. पडद्यावर रेघांचा पाऊस सुरू झाला आणि त्यामागे ती उंच, सावळी पोरगी नायिकेकडे बघून हसली. वारा आला. भुसा काडीकाडीनं उडाला. थिएटरात कुणीतरी नकळत “वा!” म्हणालं.

“माई,” शैलाताई हळूच म्हणाल्या, “ती डावीकडची बाई बघा. किती सहज काम करतेय. हीरोइनपेक्षा छान.”

माई म्हणाल्या, “मला आता कडेचं नीट दिसत नाही गं.”

पुढे विहिरीवरचा प्रसंग आला, लग्नघर आलं. मी पडदा बघायचं सोडून त्या दोघींच्या पाठमोऱ्या डोक्यांकडे बघत होते. माईंचं डोकं जराही हललं नाही. शैलाताईंचं मात्र दोनदा पडद्यावरून सासूकडे आणि पुन्हा पडद्याकडे वळलं.

खेळ संपल्यावर बाहेर गर्दीत अजितराव माईंना हात धरून गाडीकडे घेऊन गेले. शैलाताई मागे राहिल्या. मी चुकवून जात होते, तर त्यांनी मला हाक मारली.

“तुम्ही सुमीच्या मैत्रीण ना?”

“हो.”

“मघाशी स्टेजवर तुमचा सत्कार झाला. सिनेमा दुरुस्त केला म्हणून.”

मी हातातला सत्काराचा नारळ पिशवीत घातला.

“त्या बाईंचं नाव पाटीवर नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांची होती. मी नीट वाचली.”

“त्या काळचं… कधी कधी राहून जातं,” मी म्हणाले.

त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. शाळेत मुलगा खोटं बोलतोय हे कळलेल्या शिक्षिका बघतात तशा. मला वाटलं, आता विचारणार.

तिकडून गाडीचा हॉर्न वाजला. माई आतून शैलाताईंना हाताने बोलावत होत्या. शैलाताईंनी पदर सारखा केला, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

“मी तुम्हाला काही विचारलं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे माईंना सांगू नका हं. त्यांना झोप लागत नाही मग.”